राक्षसफुलाच्या गावाला

मराठीच्या प्राध्यापकाने वनस्पतिशास्त्रात नाक खुपसू नये, असा एक अलिखित नियम आमच्या महाविद्यालयात आहे. आम्ही फुलांवरच्या कविता शिकवाव्यात; खुद्द फुलांचे काय करायचे ते वनस्पतिशास्त्र विभाग पाहून घेईल. वीस वर्षे मी हा नियम इमानेइतबारे पाळला. तो मोडला एका नावापायी.

भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कास पठारावर जे गेले असतील त्यांना 'सीतेची आसवे' हे नाव ठाऊक असेल. निळसर जांभळ्या रंगाची इवलीशी फुले, पण पाणथळ जागी अशी दाट की जमीनच रंगली आहे असे वाटावे. वनवासात सीतामाईच्या डोळ्यांतून जिथे पाणी गळले तिथे ही फुले उमलली, अशी लोकांची समजूत. अशा नावापुढे मराठीचा प्राध्यापक विरघळला नाही तरच नवल! सहलीला आलेल्या मुलामुलींना मी त्या नावातला करुण रस उलगडून सांगत होतो. तेवढ्यात आमचे वनस्पतिशास्त्राचे सहकारी हळूच म्हणाले, "सर, ही आसवे मांसाहारी आहेत बरं का!"

मुले खो खो हसली. पण सांगितले ते अक्षरशः खरे होते. या नाजूक रोपट्याच्या बुडाशी, ओल्या मातीत, मोहरीहूनही लहान अशा पोकळ पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी असलेल्या केसांना लागला की दार उघडते, पाण्याबरोबर तो जीव आत ओढला जातो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत दार पुन्हा बंद होते. त्याच पठारावर थोडे पुढे गेले की गवती दवबिंदू भेटते. त्याच्या पानांवर चिकट थेंब चमकत असतात आणि त्या थेंबांना भुललेले चिलट तिथेच अडकून राहते.

"हे सगळं लहानसहान. यांच्या थोरल्या बहिणीला भेटायचं असेल तर मात्र मेघालयात जावं लागेल," सहकारी म्हणाले. थोरली बहीण हे नाते त्यांनी केवळ आहारावरून जोडले होते. कुळे निराळी आहेत. त्या थोरल्या बहिणीचे मराठी नाव घटपर्णी. जिच्या पानाचाच घट होतो ती.

त्या दिवसापासून मला घटपर्णीचा नाद लागला. नाद लागला म्हणजे काय होते, हे ज्यांच्या घरी तिकिटे, नाणी किंवा शास्त्रीय संगीताच्या जुन्या तबकड्या जमवणारा माणूस आहे त्यांना सांगायला नको. आमच्या सौभाग्यवतींनी सुरुवातीलाच विचारून घेतले, "अहो, हे फोटोपुरतंच आहे ना? घरात माशा पाळायला लागणार नाहीत ना?"

भाषेच्या माणसाला कोणत्याही वस्तूची ओळख आधी तिच्या नावांतून होते, तशीच माझीही झाली. शास्त्रज्ञ या कुळाला नेपेंथिस म्हणतात. हे नाव स्वीडनच्या लिनिअसने १७३७ साली दिले आणि ते आणले होमरच्या 'ओडिसी'मधून. तिथे हेलन दुःखी पाहुण्यांच्या मद्यात एक औषध मिसळते. ते घेतलेल्या माणसाला आपल्या दुःखाचा विसर पडतो. त्या औषधाचे जे वर्णन ग्रीक भाषेत आहे त्यावरून हा शब्द निघाला. कष्टाचा प्रवास करून आलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ही वनस्पती दिसली तर तो सगळा शीण विसरेल, असे लिनिअसला वाटले होते. म्हणजे आमच्याकडची बहीण दुःखाची आसवे, तर ही दुःख विसरायला लावणारी. दोघींची नावे ठेवणाऱ्यांना त्यांच्या जेवणाची मात्र कल्पना नव्हती.

जे लोक या वनस्पतीच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्यांनी अशी फसगत होऊ दिलेली नाही. खासी भाषेत ती 'तिउ-राकोत', म्हणजे राक्षसफूल. गारो तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. जयंतिया लोकांनी तर सरळ कामावरूनच नाव ठेवले: झाकणाचा माशी-सापळा. ग्रंथ वाचून ठेवलेले नाव आणि रोज पाहून ठेवलेले नाव यांत किती अंतर असते, हे मी वर्गात पुष्कळदा सांगत असतो. इतके चोख उदाहरण मला पूर्वी कधी मिळाले नव्हते.

जगात घटपर्णीच्या दीडशेहून अधिक जाती आहेत. बोर्निओ, सुमात्रा, फिलिपाइन्स हे त्यांचे माहेर. पश्चिमेला मादागास्कर, सेशेल्स आणि श्रीलंका इथवर त्यांची वस्ती. भारताच्या वाट्याला मेघालयातली एक जात आली, आणि तीही खासी, जयंतिया आणि गारो टेकड्यांतल्या विखुरलेल्या तुकड्यांवरच आढळते. तिचे शास्त्रीय नाव नेपेंथिस खासियाना.

२०२३ साली दसऱ्याच्या आधी शिलाँगला भाषांतरावर एक परिसंवाद होता. त्याचे निमंत्रण आले तेव्हा निबंधाचा विषय ठरवण्याआधी मी नकाशा काढून बसलो, हे इथे सांगायला हरकत नाही. गुवाहाटीहून शिलाँग शंभर किलोमीटर. शिलाँगहून पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटरांवर जोवाई, आणि तिथून दक्षिणेकडे आमलारेमच्या वाटेवर जराईन नावाचे गाव. या गावच्या तळ्याच्या परिसरात घटपर्णी रानात, आपल्या मूळ जागी पाहायला मिळते. परिसंवाद आटोपल्यावर मी आणि एक परप्रांतीय प्राध्यापक मित्र अशा दोघांनी भाड्याची गाडी केली. वाट दाखवायला जोवाईची एक तरुण शिक्षिका बरोबर आली. तिकडे स्त्रीला आदराने 'काँग' म्हणतात, म्हणजे आपली ताईच. मीही तिला काँग म्हणू लागलो. तिचे हिंदी माझ्यापेक्षा बरे होते.

घटपर्णी घनदाट अरण्यात, वेलींच्या जाळ्यात, कोळिष्टकांआड लपलेली असेल, असे चित्र पुस्तकांतल्या रंगीत पानांमुळे माझ्या मनात तयार झाले होते. काँगने गाडी थांबवली ती एका उघड्याबोडक्या उतारापाशी. खुरटे गवत, मधूनमधून दगड, झिरपणारे पाणी, पायांखाली फिकट वाळूसारखी माती. आपल्याकडे सड्यावर दिसतो तसलाच देखावा. "इथे?" मी विचारले. ती म्हणाली, "इथेच. चांगल्या जमिनीत ती राहत नाही."

आणि गवतात पाहतो तो खरेच, घट! एक दिसला आणि मग एकदम वीस-पंचवीस दिसू लागले. जणू कोणी संक्रांतीची सुगडी रानात मांडून विसरून गेले आहे. काही बोटाएवढे, काही वीतभर लांब. कोवळे हिरवे, जुने तांबूस. पान तलवारीच्या पात्यासारखे. त्याच्या टोकातून तारेसारखा एक तंतू निघतो, वाटेत गवताच्या काडीला वेढा घालतो आणि टोकाशी फुगून त्याचा घट होतो. लोक त्याला फूल म्हणतात, पण तो पानाचाच अवतार. खरे फूल अगदी साधे: पाकळ्याच नसलेले, बारीक, तुऱ्यावर दाटीने लागणारे. पाहुण्यांचे लक्ष वेधण्याचे काम पानावर सोपवून फुलाने अंग काढून घेतले आहे.

आम्ही गुडघ्यांवर बसून एका घटात डोकावलो. तळाशी पाणी होते. पाण्यात मुंग्यांचे काळे अवशेष होते आणि त्यांच्यामधून डासाच्या दोन-तीन अळ्या खुशाल पोहत होत्या! जिथे इतर किडे विरघळतात तिथे या अळ्यांचा संसार सुखाने चालतो.

घटाच्या झाकणाविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. किडा आत पडला की झाकण धाडकन बंद होते, असे पुष्कळ जण समजतात. झाकण एकदा उघडले की पुन्हा मिटत नाही. ते छपराचे काम करते. पावसाचे पाणी थेट आत पडून पाचक रस पातळ होऊ नये यासाठी ते असते. शिकार होते ती घटाच्या ओठावर. ओठाच्या कडेला मध पाझरतो. तो चाटायला मुंगी येते. कोरड्या उन्हात ती खुशाल फिरून परत जाते आणि आपल्या भगिनींना वर्दी देते. पण पावसाने वा दमट हवेने ओठ ओला झाला की त्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि तोच ओठ शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखा निसरडा होतो. ओठाची ही करामत बोर्निओतल्या एका जातीवर काम करणाऱ्या संशोधकांनी २००४ साली दाखवून दिली. पाय घसरलेल्या किड्याला पुढे मेणचट भिंत लागते. तिथे नख रुतत नाही. त्याखाली पाणी, आणि पाण्यात मांस विरघळवणारे रस.

आपल्या खासियानाने यात आणखी एक भर घातली आहे. केरळातल्या पालोडे येथील उष्ण कटिबंधीय वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली असे प्रसिद्ध केले की, अतिनील प्रकाश पडला असता हिच्या घटाचा ओठ निळा चमकतो. आपल्या डोळ्यांना एरवी ती चमक दिसत नाही, पण किडे तिच्याकडे ओढले जातात. आमच्या लेकीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाबा, आकाशकंदीलच की!" उपमा माझ्या डोक्यात आली नव्हती, मी ती मुकाट्याने टिपून ठेवली.

एवढी सगळी यातायात ही वनस्पती का करते? उत्तर आमच्या पायांखाली होते. याच पठाराच्या पश्चिमेला सोहरा, म्हणजे आपल्या शाळेच्या भूगोलातले चेरापुंजी, आणि त्याच्या शेजारी मौसिनराम. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तिथे अकरा हजारांहून अधिक. एवढा पाऊस जमिनीतले सगळे सत्त्व धुऊन खाली नेतो. उरते ती आंबट, निकस माती. तिच्यात नायट्रोजन आणि स्फुरद यांची चणचण. सूर्यप्रकाशावर अन्न शिजवणे इतर झाडांसारखे घटपर्णीलाही येते. तिचे अडते ते मिठामिरचीवाचून, आणि ते ती किड्यांकडून घेते. भरल्या घरातल्या झाडांना हा उद्योग परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. म्हणून जिथे कोणीच धड वाढत नाही, तिथे हिची वस्ती.

आमचे प्राध्यापक मित्र फोटो काढून झाल्यावर एका लहानशा रोपाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढी आहेत, त्यांतलं एखादं नेलं तर काय होणार आहे?" काँगने त्यांना रागावून उत्तर दिले नाही. वर्गातल्या मुलाला विचारावे तसे विचारले, "नर नेणार की मादी?"

आम्ही दोघेही गोंधळलो. मग तिने समजावून सांगितले. पपईसारखाच प्रकार, घटपर्णीत नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे. फुलल्याशिवाय कोणते कोणते ते कळत नाही. फुलायला रोपाला वर्षे लागतात. दोघे जवळपास असले, एकाच वेळी फुलले आणि मधल्या किड्यांनी पराग पोहोचवले, तरच बी धरायचे. एखाद्या उतारावर पंधरा झाडे दिसतात, म्हणून आपण 'पुष्कळ आहेत' म्हणतो. त्यांत फुलण्याजोग्या माद्या दोनच असतील आणि त्यांतली एक कोणी उपटून नेली, तर उरलेली चौदा झाडे हिरवीगार दिसत राहतील. पण त्या उताराचा निम्मा वंश त्या दिवशी संपलेला असेल. मित्रांनी हात मागे घेतला. गाडीत बसेपर्यंत कोणी बोलले नाही.

उपटून नेण्याचा हा इतिहास मोठा आहे. १८५० साली जोसेफ डाल्टन हूकर हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांचे मित्र थॉमस थॉमसन यांनी खासी टेकड्यांत कित्येक महिने मुक्काम करून वनस्पती गोळा केल्या. तिथल्या निळ्या वांदा नावाच्या आमरीची त्यांनी सात हमालांची ओझी भरून लंडनच्या क्यू उद्यानासाठी पाठवली. त्यांतली फारच थोडी झाडे इंग्लंडात जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने पाठवलेले एकाच हमालाचे ओझे मात्र तिथे ३०० पौंडांना विकले गेले. मग काय विचारता! ठिकठिकाणच्या संग्राहकांची माणसे टोपल्याच्या टोपल्या भरू लागली.

घटपर्णीच्या या जातीला १८७३ साली नाव दिले तेही याच हूकरांनी. आणि पुढच्याच वर्षी, बेलफास्टच्या विज्ञान परिषदेत, घटपर्णी खरोखर पचन करते हे त्यांनी मांडले. त्यासाठी त्यांनी घटात अंड्याचा पांढरा बलक आणि कच्च्या मांसाचे तुकडे टाकून पाहिले होते. डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरचा ग्रंथ १८७५ साली निघाला. एकाच माणसाच्या हातून वनस्पतीचे ज्ञान वाढावे आणि त्याच हातांनी तिच्या शेजारणीच्या ओझी बांधण्याची वाट पडावी, याला काय म्हणावे? त्या काळी रान संपेल असे कोणालाच वाटत नव्हते.

आज कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि सहा वनस्पतींना खास संरक्षण मिळाले. त्यांत ही घटपर्णी आहे आणि तिची शेजारीण निळी वांदाही आहे. परवान्यावाचून ही झाडे रानातून काढता येत नाहीत, विकता येत नाहीत आणि लावताही येत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात १९८७ पासून तिचे नाव सर्वांत कडक यादीत आहे. गारो टेकड्यांत सिमसांग नदीकाठच्या बाघमारा गावाजवळ तर तिच्यासाठी स्वतंत्र अभयारण्य आहे. अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ येतो. हे अभयारण्य दोन-तीन हेक्टरांचे, एका वेलीसाठी राखलेले.

मग घटपर्णीचा नाद लागलेल्या माणसाने काय करावे? त्याची सोय आहे. फिलिपाइन्समधल्या दोन जातींचा एक संकर रोपवाटिकांतून सर्रास मिळतो. तो काटक असतो, कलमांपासून वाढवलेला असतो आणि त्याच्यामुळे कोणत्याही डोंगराचे काही जात नाही. परत आल्यावर मी पुण्याच्या रोपवाटिकेतून तसले एक रोप आणले आणि सज्जात टांगले. दुर्मीळ बहिणीला भेटून आल्यावर तिच्या सामान्य बहिणीशी संसार कसा करावा लागतो, ते या रोपाने मला शिकवले. वाचकांपैकी कोणाच्या मनात असेल तर त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, हिला माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, शेवाळ आणि पर्लाइट यांचे हलके, हवा खेळणारे मिश्रण असले की पुरे. दुसरी गोष्ट, खत नको: ना शेणखत, ना सोनखत, ना बाजारातल्या पुड्या. शेजारच्या काकू मोठ्या प्रेमळ. आमच्या रोपाची सडपातळ प्रकृती पाहून त्या एक दिवस वाटीभर चहाचा चोथा आणि अंड्याची टरफले घेऊन आल्या. "काका, उपाशी ठेवलंय हो तुम्ही झाडाला!" त्या म्हणाल्या. मी वाटी वरच्या वर अडवली आणि ती आमच्या जास्वंदीला अर्पण केली. तिसरी गोष्ट पाण्याची. नळाच्या पाण्यातले क्षार हिच्या मुळांना सोसत नाहीत. पावसाचे पाणी साठवावे, नाही तर वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी धरावे. आमच्या घरात पावसाळाभर गच्चीवर पातेली मांडलेली असतात. सौभाग्यवती म्हणतात, "लग्नात आलेली एवढी पातेली अखेर कामी आली म्हणायची!" चौथी गोष्ट, उजेड भरपूर हवा, पण दुपारचे कडक ऊन नको, आणि हवा दमट हवी. श्रावणात आमच्या रोपाला नवे नवे घट धरतात. चैत्र-वैशाखात पानांच्या टोकांशी घट न धरताच तंतू वाळतात. तेव्हा घाबरून जाऊ नये आणि लाडाने खत तर मुळीच घालू नये. माशीही आपण होऊन आणून टाकावी लागत नाही. तिचे ती पाहते.

आणि एक इशारा. न उघडलेल्या घटातले पाणी डोळ्यांत घालण्याचा आणि पोटाच्या विकारांवर देण्याचा उपचार खासी आणि गारो लोकांत चालत आला आहे. बुरशीला मारक अशी द्रव्ये खासियानाच्या घटातल्या पाण्यात तयार होतात, हे २०१० साली संशोधकांनी दाखवलेही आहे. पण म्हणून सज्जातल्या घटातले थेंब कोणी डोळ्यांत घालू नयेत. डोळे ही प्रयोगाची जागा नव्हे.

खरी खासियाना वाढवण्याचे काम शास्त्रज्ञ करीत आहेत. पालोडेच्याच उद्यानातून १९९४ साली, काचेच्या नळीत फांदीच्या डोळ्यापासून अनेक रोपे तयार करण्याची रीत प्रसिद्ध झाली. शिलाँगजवळ बारापानीला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची बाग आहे. तिथेही ती जोपासली जाते. तेव्हा ही जात पृथ्वीवरून अगदी नाहीशी होईल अशी भीती आता थोडी कमी झाली आहे. पण नळीतले रोप मोठे झाले की त्याला लावायचे कुठे? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही.

जयंतिया टेकड्यांच्या पोटात कोळसा आहे, चुनखडी आहे. कोळशासाठी उंदराच्या बिळांसारखी बोगदी खणण्याची तिथली पद्धत; तिच्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली बंदी घातली. तोवर पुष्कळ उतार उपसून झाले होते. आणि दुसरे एक कारण तर तुमच्याआमच्या दारामागे उभे आहे. घरोघर वापरला जाणारा मऊ फुलझाडू ज्या गवताचा होतो, ते गवत मेघालयात मोठ्या प्रमाणावर पिकवले जाते. मोकळ्या उतारांवर त्याची लागवड पसरत गेली आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. घर झाडायला हाती घेतो तो फुलझाडू कदाचित त्याच टेकड्यांवरून आलेला असतो. ते गवत लावणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्याच्या मुलांची फी त्या गवतातून निघते. ओसाड उतार त्याला काही देत नव्हता, गवत देते. आपण त्याच्या जागी असतो तर हेच केले असते.

अडचण त्या 'ओसाड' शब्दात आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाने शब्दांची झडती घ्यावी, म्हणून घेतो. आपल्या सातबाऱ्यावर एक शब्द असतो: पोटखराबा. शेताच्या ज्या तुकड्यात पीक येत नाही, जो खडकाळ आहे किंवा ओढ्यानाल्यात गेला आहे, तो पोटखराबा. तिथे काही होत नाही, अशी सरकारदरबारी नोंद. जराईनचा तो उतार आपल्याकडे असता तर तलाठ्याने त्याला बेलाशक पोटखराब्यात टाकले असते. जांभ्या दगडाचे आपले सडेही पुष्कळांच्या लेखी तसेच. खत घालून, माती भरून अशी जमीन 'सुधारावी', असे चांगल्या माणसांनाही मनापासून वाटते. शेजारच्या काकूंनाही तसेच वाटले होते. अशा सुधारणेने घटपर्णीचे जे व्हायचे तेच सीतेच्या आसवांचे होईल. दुबळ्या जमिनीवर जगण्याची विद्या शिकायला त्यांना लाखो वर्षे लागली. जमीन सकस झाली की ती विद्या निरुपयोगी ठरते आणि धट्टेकट्टे गवत त्यांना बघता बघता झाकून टाकते.

खासी लोकांची स्वतःची एक चाल आहे, तिचा मला मोठा आधार वाटतो. शिलाँगजवळ माफलांगला त्यांची देवराई आहे. तिथून वाळलेले पानसुद्धा बाहेर न्यायचे नाही, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांची ही सख्खी बहीण. फरक इतकाच की देवराई म्हटली की मोठमोठी झाडे, गारवा, काळोख असे काही तरी भव्य डोळ्यांपुढे येते. माळाला, दलदलीला, खुरट्या गवताला देव मिळाला नाही. एखाद्या गावाने असला निरुपयोगी तुकडा राखलाच, तर त्याचा भुर्दंड त्या गावाने एकट्याने का सोसावा? तळे पाहायला येणाऱ्याने गावात चहा प्यावा, जेवावे, वाटाड्याला मोबदला द्यावा आणि रिकाम्या हातांनी परत जावे. एवढे तर आपल्याला करता येईल.

काँगचा आणि माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. आता त्याला पत्रव्यवहार म्हणायचे ते केवळ सवयीने, कारण तो फोनवर चालतो. गेल्या पंधरवड्यात तिने एक छायाचित्र पाठवले. त्याच उतारावर, आम्ही गुडघ्यांवर बसलो होतो त्याच्या थोडे वर, एका मादीच्या तुऱ्याला बोंडे धरली आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास ती तडकू लागतील. आतले बी केसासारखे बारीक आणि हलके असते, वारा नेईल तिकडे जाते. त्यातले फारच थोडे रुजते, आणि तेही ओल्या, उघड्या, निकस जागी पडले तरच. वारा कुठे वाहील ते आपल्या हाती नाही. तो जिथे बी नेऊन टाकील तिथे थोडा पोटखराबा शिल्लक असावा, एवढीच माझी या दिवाळीची इच्छा.